नवीन स्पीकर दोनशे तास वाजवत बसायचं की परत द्यायचा?

तुमचा प्रश्न वाचला. रत्नागिरीत नवीन फ्लॅट, हॉल १० बाय १२ चा, ५ इंची वूफरची, म्हणजे बेस काढणाऱ्या भोंग्याची, बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि ५० वॅटचा स्टिरीओ अॅम्प घेतलाय, चार दिवस झालेत, आवाज पातळ वाटतोय आणि वरचा आवाज कानाला टोचतोय. दुकानदार म्हणतो माल नवीन आहे, २०० तास वाजू द्या मग खुलेल. मित्र म्हणतो केबल पण बदल, ती पण मुरावी लागते. आणि माल परत द्यायची मुदत १० दिवस, त्यातले चार गेले.

म्हणजे तुम्ही विचारलंय की नवीन स्पीकरला ब्रेक-इन, म्हणजे वाजवून मुरवणं, लागतो का, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे, उरलेल्या सहा दिवसांत ठेवायचं की परत करायचं हे ठरवायचंय आणि त्यासाठी कशावर विश्वास ठेवायचा ते कळत नाहीये. दिवसाला दोन तास गाणी ऐकलीत तर २०० तास व्हायला १०० दिवस लागतात, सव्वातीन महिने. तोपर्यंत मुदत कधीच संपलेली असेल. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण या एका वाक्यापायी लोकांचे पैसे अडकलेले मी पाहिलेत.

मी मालवणला २४ वर्षं स्पीकर-अॅम्प दुरुस्ती करतो, कोन-कॉइल बदलतो, आणि सीझनला डबलबारी, दशावतार, गावातली लग्नं यांना साउंड लावतो. सरळ उत्तर असं की ब्रेक-इन खोटा नाही, पण जो आहे तो फार थोडा आहे, फार लवकर होतो, आणि तुम्हाला जे खटकतंय त्याचं कारण बहुतेक तो नाही.

आता आत काय होतं ते सांगतो. वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, दोन ठिकाणी धरलेला असतो, बाहेरच्या कडेला रबराचा किंवा फोमचा सराउंड आणि आत कॉइलजवळ (कोनाला हलवणारं तारेचं वेटोळं) पिवळसर चुणीदार कापडाची चकती, तिला स्पायडर म्हणतात. हे कापड रेझिनमध्ये बुडवून, गरम साच्यात दाबून कडक केलेलं असतं. नवीन स्पायडर हातात घेऊन बोटाने दाबलात तर पहिल्यांदा करकरीत लागतो, खळ दिलेल्या नवीन कॉटनच्या सदऱ्यासारखा, आणि आठ-दहा वेळा दाबला की नरम येतो. रेझिनमध्ये बारीक बारीक तडे जातात, धागे थोडे सुटतात. कोन पहिल्यांदा जोरात पुढेमागे होतो तेव्हाच यातलं बरंचसं काम उरकतं, त्याला दिवस नाही लागत, काही सेकंद ते काही मिनिटं. चांगल्या कंपन्या फॅक्टरीतच प्रत्येक नगावर खालपासून वरपर्यंत स्वीप टोन मारून तपासतात, म्हणजे खोक्यात भरायच्या आधीच त्याचा पहिला व्यायाम झालेला असतो.

हे मी मोजून पाहिलंय, तेही सांगतो. मागे एकदा साडेसहा इंची सुटे वूफर दोन आले होते, एकाच बॅचचे, कोरे. फोनवर टोनचं अॅप, तिथून अॅम्पला, अॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर, आणि स्पीकरच्या दोन टोकांवर साधा मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावून ठेवला. टोन खालून हळूहळू वर नेत गेलं की एका ठिकाणी मीटर सर्वात वर चढतो, तो त्या ड्रायव्हरचा, म्हणजे सुट्या वूफरचा, रेझोनन्स, कोन ज्या सुराला सर्वात सहज हलतो तो. कोरा असताना ४८ हर्ट्झला आला. मग रेझिस्टर काढून २० हर्ट्झचा टोन दिला, कोन डोळ्याला स्पष्ट हलताना दिसेल इतपत, एक मिनिट. परत मोजला तर ४५. रात्रभर तसाच हलवत ठेवला, सकाळी ४३. मग दिवसभर बंद ठेवला आणि संध्याकाळी मोजला तर ४४. म्हणजे जे नरम आलं होतं त्यातलं थोडं विश्रांतीनंतर परत कडक पण झालं. ४८ चे ४३ म्हणजे १० टक्के फरक, आकडा ऐकला की वाटतं बापरे मोठाच आहे.

पण पुढचं ऐका, तेच महत्त्वाचं आहे. स्पीकर सुटा कोण ऐकत नाही, तो पेटीत असतो. पेटीत कोंडलेली हवा हीच एक स्प्रिंग असते आणि लहान पेटीत ती स्पायडरपेक्षा कितीतरी ताठ असते. त्या ड्रायव्हरला १० लिटरची बंद पेटी केली होती. कोऱ्या ड्रायव्हरला त्या पेटीत रेझोनन्स ९६ हर्ट्झ, आणि नरम आलेल्याला ९३-९४. बाहेर ५ हर्ट्झ घसरला आणि आत गेल्यावर जेमतेम अडीच. कारण साधं आहे, दोन स्प्रिंगा आहेत, त्यातली लहान होती ती ढिली झाली आणि मोठी, हवेची, जशीच्या तशी राहिली. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी नळीचं भोक असलेल्या पेटीत हिशोब थोडा वेगळा आहे पण तिथेही बेसचा सूर पेटी आणि पोर्टच जास्त धरून ठेवतात. शिवाय डिझाइन करणारा माणूस नरम आलेल्या ड्रायव्हरचेच आकडे धरून पेटी काढतो, थिल आणि स्मॉल यांनी १९६० आणि ७० च्या दशकात ज्या आकड्यांवर हे सगळं गणित बसवलं तेच आकडे, म्हणजे ब्रेक-इनचा हिशोब त्याने आधीच केलेला असतो.

एक कोरा आणि एक चालवलेला, दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवून आमच्या वाडीतल्या पखवाजवाल्याला डोळे मिटून ऐकायला बसवलं. त्याचा कान इतका तयार की पखवाजाच्या धुमेची (खर्जाच्या बाजूची) कणीक वाळायला लागली की दुसऱ्या खोलीतून सांगतो. एकदा म्हणाला ह्यो मोकळो, पुढच्या खेपेला नेमका दुसऱ्याला मोकळो म्हणाला. मलाही सांगता आलं नाही.

आता तुमचं जे टोचणं आहे ते येतं ट्वीटरमधून, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या भोंग्यातून, आणि ट्वीटरचा पडदा केसाइतका पण हलत नाही, रेझोनन्स सहसा हजार हर्ट्झच्या आसपास किंवा खाली आणि क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणारं सर्किट, त्याला त्याच्या वरच, दोन-तीन हजारापासून पुढेच काम देतो. तिथे काय सुटायचं आणि काय मुरायचं? त्यामुळे "वरचा आवाज टोचतोय, २०० तासांनी गोड होईल" हे मला कधीच पटलेलं नाही.

मग लोकांना महिन्याभराने खरंच बरं वाटतं ते का? कारण महिन्याभरात कान बदलतो. मुंबईहून चाकरमानी गणपतीला किनाऱ्यावरच्या घरी येतो तेव्हा पहिल्या रात्री त्याला समुद्राच्या गाजेने झोप लागत नाही, चौथ्या रात्री गाज आहे की नाही ते पण आठवत नाही. समुद्र तोच असतो. तुम्ही इतके दिवस फोनच्या किंवा टीव्हीच्या आवाजाला सरावलेले असाल तर कुठलाही बरा स्पीकर आधी उघडा, तीक्ष्ण वाटणार. ही सवय खरी आहे आणि ती वाईटही नाही, फक्त ती सवय चांगल्या स्पीकरची लागते तशीच वाईट स्पीकरचीही लागते, म्हणून मुदतीच्या आत निर्णय घ्यायचा असेल तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

अॅम्पचं थोडक्यात. ट्रान्झिस्टरचा अॅम्प चालू केल्यावर हीटसिंक गरम होऊन बायस (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा ठरावीक करंट) स्थिर व्हायला १५-२० मिनिटं, फार तर अर्धा तास लागतो, हे दररोज लागतं, त्याला ब्रेक-इन म्हणत नाहीत. व्हॉल्वच्या, म्हणजे काचेच्या नळीच्या, अॅम्पला पण तसंच. कपॅसिटरची गोष्ट खरी आहे पण ती जुन्या मालाची, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर विरतो आणि करंट गळायला लागतो, म्हणून माळ्यावरचा २० वर्षांचा अॅम्प मी कधीच थेट प्लगमध्ये घालत नाही, आधी सिरीज बल्बवर चालू करतो, बल्ब एकदा उजळून मंद झाला की जीवात जीव येतो. नवीन अॅम्पला यातलं काही लागत नाही. आणि केबलमध्ये मुरण्यासारखं काही नाही, तांबं आहे. केबलचे पैसे ठेवा. ग्रामोफोनच्या कार्ट्रिजला सुरुवातीचे काही तास खरोखर लागतात कारण सुईच्या दांडीला बारीक रबर असतं, पण तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

मात्र आपल्या किनाऱ्यावर एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे ब्रेक-इनवरचा विश्वास पक्का होतो. वर्षभर बंद असलेलं घर, गणपतीला उघडतात, सिस्टीम लावतात, पहिल्या दिवशी आवाज कोंदट, एक बाजू मध्येच जाते, आणि दोन-तीन दिवस भजनं वाजली की एकदम मोकळी. लोक म्हणतात बघा, चालवल्यावर खुलली. तिथे झालेलं असतं असं की जून ते सप्टेंबर कागदी कोन ओल धरून जड झालेला असतो तो सुकतो, व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पॉटवर आणि स्पीकर जोडणाऱ्या रिलेच्या पॉइंटवर खाऱ्या हवेने जो पापुद्रा धरलेला असतो तो वापरून घासला जातो. एकदा तर पोर्टमधून बेसच येईना म्हणून पेटी उघडली तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, मुठीएवढं, पोर्टचं तोंड जवळजवळ बंद. ही सगळी दुरुस्तीची कामं झाली, खोक्यातून कालच निघालेल्या जोडीशी याचा संबंध नाही.

आता तुमच्याकडे वळतो. समोर नसताना सांगतोय, त्यामुळे खोली कशी आहे, स्पीकर कुठे ठेवलेत, बसता कुठे, यावर बरंच अवलंबून आहे. तरी "पातळ" आणि "टोचतोय" हे दोन शब्द एकत्र आले की मी पहिल्यांदा मागची वायर बघतो. एका स्पीकरला लाल-काळं उलटं लागलं असेल तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं मिळून बेस खाऊन टाकतात आणि फक्त वरचा आवाज उरतो, मधोमध बसलात तरी गाणारी बाई समोर उभी राहत नाही, कुठेतरी पसरल्यासारखी वाटते. नवीन लावलेल्या सेटमध्ये ही चूक मी इतक्यांदा काढलीय की मोजणं सोडलं. अॅम्प बंद करा, अॅम्पकडून वायरी सोडवा, आणि एका स्पीकरच्या वायरीला साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, लालकडे प्लस. जाळी काढून बघा, वूफर पुढे सरकला पाहिजे. दोन्हीकडे तसंच झालं तर वायरी बरोबर, मग अॅम्पला लावताना तेच रंग पाळा. आज रात्रीच करा हे, पाच मिनिटांचं काम आहे.

वायरी बरोबर असतील तर खोली. नवीन फ्लॅट म्हणालात, म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत पुट्टीच्या भिंती, स्लायडिंगची मोठी काच, आणि सामान अजून यायचंय, बरोबर ना? हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे "टर्रर्र" असा पत्र्यासारखा आवाज आला तर तुमचा ट्वीटर निर्दोष आहे, टोचतायत त्या भिंती. जुन्या कौलारू घरात माजघरातली मातीची भिंत, सारवलेली जमीन, वर कौलांच्या फटी आणि वासे, तिथे हाच स्पीकर गोड वाजला असता, अशा घरांत मी सिस्टीम लावल्यात, आवाज कुठे आदळून परत येतच नाही. फ्लॅटमध्ये स्पीकर आणि तुमच्यामधल्या जमिनीवर सतरंजी किंवा गोधडी टाका, काचेवर जाड पडदा, पडदा नसेल तर तूर्त चादर अडकवा. मग परत तेच गाणं तेवढ्याच आवाजात लावा. स्पीकरची तोंडं थेट कानाकडे वळवली असतील तर थोडी बाहेर फिरवा.

पातळपणासाठी बसायची जागा बघा. १२ फुटी लांबीच्या खोलीचा पहिला सूर, म्हणजे भिंतींमध्ये घुमणारा सर्वात खालचा, साधारण ४७ हर्ट्झला पडतो आणि १० फुटी रुंदीचा ५७ च्या आसपास, आणि गंमत अशी की खोलीच्या बरोब्बर मधोमध हे सूर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, भिंतीकडे सरकत गेलं की वाढत जातात. तुमची खुर्ची मधोमध असेल तर दीड-दोन फूट मागे घ्या, थोडी बाजूला पण करून बघा. स्पीकर भिंतीपासून फार पुढे असतील तर थोडे मागे ढकला, बेस भरेल. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका मात्र, तिथे बेस नाही येत, नुसता भोंगा येतो. ५ इंची वूफर किती खाली जाणार याला पण मर्यादा आहे, डबलबारीच्या मांडवातला पखवाज छातीत लागतो तसा तो घरात लागणार नाही, २०० तासांनी नाही आणि २००० तासांनी पण नाही.

एवढं करूनही दुकानदाराचं म्हणणं खरं की माझं हे तुम्हाला स्वतःला तपासायचं असेल तर तुमच्याकडे त्याची सोय आयती आहे, कारण स्पीकर दोन आहेत. अॅम्पचा बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवा आणि पुढचे तीन दिवस फक्त डावा वाजवा, रोज आठ-दहा तास, बेस असलेलं काहीही, नेहमीच्या ऐकण्याइतक्याच आवाजात. उजव्याला विश्रांती. चौथ्या दिवशी दोन्ही एकाच टेबलावर चिकटवून ठेवा आणि अॅम्पच्या एकाच चॅनेलवर आळीपाळीने लावून तेच गाणं ऐका, वायर बदलताना अॅम्प बंद करा नाहीतर शॉर्ट होईल. घरातल्या कुणालातरी वायर बदलू द्या आणि तुम्ही पाठ करून बसा, कुठला चालू आहे ते न बघता सांगा. २०० तासांत जर खरंच आवाज पालटणार असेल तर २५-३० तासांत त्याचा थोडा तरी मागमूस लागलाच पाहिजे, डावा उजव्यापेक्षा कमी टोचला पाहिजे. दोन्ही सारखेच लागले तर वाट बघण्यात अर्थ नाही हे तुमच्याच कानांनी तुम्हाला सांगितलं.

रात्रभर फुल व्हॉल्यूमवर लावून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. अॅम्प क्लिप व्हायला लागला, म्हणजे ताकदीपलीकडे जाऊन आवाज फाटायला लागला, की ट्वीटरची कॉइल जळते, माझ्याकडे येणाऱ्या जळलेल्या ट्वीटरमध्ये असे बरेच असतात.

आणि एक गोष्ट यापेक्षा गंभीर. दोन स्पीकर एकमेकांपेक्षा वेगळे वाजत असतील, खालच्या सुरांवर एकात खरखर किंवा फडफड येत असेल, कान जवळ नेल्यावर एक ट्वीटर मुका असेल, तर तो डिफेक्ट आहे, तो वाजवून जात नाही. आचऱ्याच्या बाजूचे एक गुरुजी पेन्शनच्या पैशातून जोडी घेऊन आले होते, डाव्या वूफरमध्ये खर्र खर्र. जिथून घेतली त्या दुकानाने सांगितलं नवीन आहे, चालवत राहा, सुटेल. त्यांनी तीन आठवडे श्रद्धेने चालवला. माझ्याकडे आणला तेव्हा मी दोन्ही अंगठ्यांनी कोन सारखा दाबला आणि आतून सँडपेपर घासल्यासारखा आवाज आला. उघडला तर कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये तिरकी बसलेली, एका अंगाने वार्निश खरवडून तांबं उघडं पडलेलं, गॅपमध्ये काळी भुकटी. पहिल्या आठवड्यात नेला असता तर बदलून मिळाला असता. गुरुजींनी तेव्हा काहीच म्हटलं नाही, नुसते त्या कॉइलकडे बघत राहिले, ते मला अजून आठवतं, आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा तेच डोळ्यासमोर आलं.

म्हणून खोकं, थर्माकोल, बिल सगळं जपून ठेवा, सेलोटेप पण नीट काढलेली असू दे. वायर, गोधडी, खुर्ची हे सगळं करूनही आजपासून पाचव्या दिवशी टोचत असेल तर त्या स्पीकरचा स्वभावच तसा उजळ आहे आणि तो तुमच्या कानाला मानवत नाही, यात तुमचंही चुकलं नाही आणि मालही खराब नाही, सरळ परत द्या आणि दुसरी जोडी घेताना तुमची ओळखीची दोन गाणी घेऊन जा, दोन्ही स्पीकर सारख्याच आवाजात ऐका, कारण जरा मोठ्याने लावलेला स्पीकर नेहमीच चांगला वाटतो.

सेल लावून बघितलात की कोन पुढे आला की मागे ते कळवा, आणि स्पीकर भिंतीपासून किती फुटांवर आहेत, बसता कुठे, ते पण लिहा. मग पुढचं सांगतो.